दगडातले लाकूड, सिमेंटमधला दगड

चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी नागपुरात एकतीस वर्षे काम केले, आणि त्यातली बरीच वर्षे दर हिवाळ्यात एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांच्या मुलांना घेऊन महाल या जुन्या वस्तीत रेखाटनाला जात असे. कोवळ्या उन्हात मुले एखाद्या देवळाच्या ओट्यावर पॅड मांडीवर घेऊन बसत, कमान काढू लागत आणि हमखास विचारत, "मॅडम, ही कोणती शैली?" माझ्याजवळ उत्तरे तयार असत. ही मराठा, ती मोगल, सदर भागातले चर्च गॉथिक. ही उत्तरे चुकीची नव्हती. पण ती ऐकून मुलांच्या पेन्सिलीला नवे काही सुचत नसे आणि मलाही नाही.

एकदा सातवीतल्या एका मुलीने वेगळाच प्रश्न विचारला. दगडी मंडपाच्या छताखाली ओळीने कोरलेले बारीक चौकोनी उंचवटे तिने एकेक करून कागदावर उतरवले होते आणि तिला ते तुळयांच्या टोकांसारखे दिसत होते. "मंडप तर दगडाचा आहे, मग याला लाकडाची टोके कशाला?" त्या दिवशी मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे वाचनातून आणि त्याहून अधिक रेखाटनातून ते हळूहळू सापडत गेले. माणसाने आधी लाकडात बांधले, मग तेच दगडात बांधले, आणि दगडात बांधताना लाकडाची सवय सोडली नाही. तेव्हापासून एखादी इमारत ओळखायची झाली की ती कोणत्या राजवटीची, हे मी आधी विचारत नाही. ती कशाची बनली आहे आणि तिला कोणत्या दुसऱ्या साहित्याची आठवण आहे, हे मी आधी पाहते. राजवटीचे नाव त्यानंतर बहुधा आपोआप कळते.

नागपूरकरांना ही नजर लवकर यावी, याचे एक कारण आपल्या पायाखालीच आहे. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची पूर्वेकडची कड या भागात संपत येते. सीताबर्डीची टेकडी याच दगडाची. तिथून उत्तरेला आणि ईशान्येला, कामठी-सावनेरच्या बाजूला गेले की वालुकाश्म लागतो, आणि भूशास्त्रज्ञांनी त्यातल्या एका थरालाच कामठीचे नाव दिले आहे. काळा दगड कठीण, छिन्नीला दाद न देणारा; त्यात कोरीव काम थोडे आणि ठसठशीत होते. वालुकाश्म मऊ, त्यात बोटाएवढी आकृतीही उतरते, मात्र पावसाने तिचे नाकडोळेही आधी झिजतात. शहरात फिरताना एवढा एकच भेद मनात ठेवला तरी निम्म्या जुन्या इमारती बोलू लागतात. १५ जानेवारी १९२५ रोजी उद्घाटन झालेली रेल्वे स्थानकाची इमारत सावनेरच्या वालुकाश्माची आहे. फलाटावर जायच्या घाईत आपण तिच्याकडे वर मान करून पाहतच नाही, पण एखाद्या दुपारी गाडी उशिरा असेल तेव्हा बाहेर उभे राहून तिचे सांधे जरूर पाहावेत.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले आणि पुढे १७४३ मध्ये रघूजी भोसल्यांनी इथे आपली सत्ता स्थिर केली. महालाला आज जो चेहरा आहे तो मुख्यतः भोसलेकाळातला. भोसल्यांचा जुना राजवाडा काळ्या बेसॉल्टचा होता आणि त्यावर भरघोस लाकडी कोरीव काम होते. १८६४ मध्ये तो आगीत जळाला आणि भव्य दरवाजा तेवढा उरला. या एका घटनेत महालाच्या वास्तुकलेविषयीची मोठी अडचण सामावलेली आहे. आपल्याकडे जे उत्तम होते ते सागवानात होते, आणि सागवान जळते, त्याला वाळवी लागते, आणि ते विकलेही जाते. दगड मागे राहतो म्हणून आपण त्या काळाला दगडाचा काळ समजतो.

म्हणून महालात मी मुलांना आधी सुरूदार खांब काढायला लावत असे. तळाशी कमळाच्या पाकळ्यांची फुगीर बैठक, तिथून सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा दांडा, त्यावर तुळई पेलणारे हस्त, दोन खांबांच्या मध्ये पाकळ्यापाकळ्यांची महिरप आणि महिरपीच्या मध्यबिंदूवर खाली डोकावणारे केळफूल. हा सगळा थाट शाहजहानच्या काळात दिल्ली-आग्र्याच्या दरबारी इमारतींत संगमरवरात आणि वालुकाश्मात घडला, आणि अठराव्या शतकात मराठी सरदारांच्या वाड्यांत तो सुतारांच्या हाती आला. म्हणजे इथे प्रवास उलटा आहे: लाकडाला दगडाची आठवण आहे. हे तपासायला सोपी खूण आहे. महिरपीच्या वर पाहावे. तिथे सरळसोट तुळई असेल आणि पाटणाचा, म्हणजे वरच्या लाकडी जमिनीचा, सगळा भार तीच घेत असेल, तर खालची महिरप म्हणजे दोन फळ्या कोरून मध्ये जोडलेला दागिना आहे. खऱ्या दगडी कमानीत एकही दगड काढता येत नाही; वाड्यातली महिरप मात्र अख्खी उतरवून ठेवली तरी माडी जागची हलत नाही. मुलांना हे सांगितले की ती चकित होत आणि मग प्रत्येक कमानीकडे "ही भार घेते का?" या संशयाने पाहू लागत. तो संशय मला फार मोलाचा वाटतो. शैलीचे नाव पाठ करणारा डोळा पहिल्या ओळखीवर थांबतो. भार कुठून कुठे जातो हे शोधणाऱ्या डोळ्याला इमारत पूर्ण पाहावीच लागते.

अशाच एका वाड्याची मी १९८९ मध्ये दोन रविवार बसून मापे घेतली होती. चौकातले आठ खांब, एक देवळी, दिंडीदरवाजाची चौकट आणि माडीवरचा छोटा सज्जा. वाडा पुढे वाटण्यांत गेला आणि पाडला गेला. खांब कोणी तरी विकत नेले. मला त्याचे फार वाईट वाटले आणि आजही वाटते. त्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. तिच्याकडे हळदीकुंकवाला गेले तेव्हा दिवाणखान्यातून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या मोकळ्या चौकटीवर प्लास्टरची महिरप होती आणि तिच्या मध्यावर केळफूल. कारागिराला ते केळफूल आहे हे ठाऊक होते की नाही, मी सांगू शकत नाही. पाकळ्या मात्र त्याने पाचच काढल्या होत्या, वाड्यात होत्या तेवढ्याच. मी घरी येऊन जुनी वही उघडली आणि दोन्ही रेषा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दगडातून लाकडात आलेला आकार आता प्लास्टरमध्ये शिरला होता, आणि भार तेव्हाही घेत नव्हता, आताही घेत नव्हता.

याच्या अगदी उलट उदाहरण सदरमध्ये आहे. ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या टोकदार खिडक्या पाहताना ध्यानात घ्यावे की गॉथिक कमान हा मुळातच दगडाचा विचार आहे. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीने बांधलेली असते; टोकदार कमान मात्र त्याच रुंदीवर हवी तेवढी उंच नेता येते आणि तिचा बाजूंना बसणारा रेटाही कमी असतो. इथे टोक शोभेचे नाही, गरजेचे आहे. सिव्हिल लाइन्सच्या इतर वसाहतकालीन इमारतींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही. उच्च न्यायालयाच्या घुमटापाशी मात्र थांबावेच लागते, कारण त्या घुमटाची कुळकथा या शहरातली सर्वांत लांब आणि सर्वांत सुंदर आहे.

नागपूर उच्च न्यायालयाच्या इमारतीचा आराखडा हेन्री मेड यांचा. नवी दिल्ली उभारली जात असताना तिचे वास्तुकार लट्यन्स आणि बेकर यांच्यासोबत त्यांनी काम केले होते. नागपूरच्या इमारतीची कोनशिला ९ जानेवारी १९३७ रोजी बसली आणि ६ जानेवारी १९४० रोजी तिचे उद्घाटन झाले. लांबलचक, शांत, दुमजली वालुकाश्माची इमारत आणि मधोमध ५२ फूट व्यासाचा घुमट. त्यावर कळसाची नक्षी नाही, कमळाच्या पाकळ्यांचा झगमगाट नाही, ताजमहालासारखा कांद्याचा फुगवटा नाही. दिल्लीचे राष्ट्रपती भवन पाहून आलेल्या माणसाला नाते ओळखायला वेळ लागत नाही. तिथल्या घुमटाची कल्पना लट्यन्स यांनी सांचीच्या महास्तूपावरून घेतली आणि घुमटाखालच्या पट्ट्यातही सांचीच्या कठड्याची घडण आणली. अर्थात सांची दिल्लीमार्गे नागपुरात आली, तीही इंग्रज वास्तुकाराच्या हातून आणि न्यायासनाच्या डोक्यावर.

आता तो सांचीचा कठडा कसा आहे ते पाहावे. उभे खांब, त्यांत बाजूने खोवलेल्या आडव्या पट्ट्या, आणि वर सगळ्यांना बांधून ठेवणारा उष्णीष. आडव्या पट्टीला सूची म्हणतात, म्हणजे सुई. कारण ती खांबाच्या भोकात सुईसारखी ओवलेली असते. हे भोक-कुसू, म्हणजे भोक आणि त्यात बसणारे टोक, सुताराचे आहे. दगडाला असा सांधा मुळीच लागत नाही. दगडाच्या वजनाला एकावर एक नीट बसवले तरी पुरते. इसवी सनापूर्वीच्या कारागिरांनी कुंपणाची लाकडी जोडणी जशीच्या तशी दगडात नेली आणि ती दोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकली. सातवीतल्या त्या मुलीचा प्रश्न हाच होता. तिला उत्तर द्यायला मला सांचीपर्यंत जावे लागले.

आणि खरे तर सांचीपर्यंतही जाण्याची गरज नव्हती. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्त उत्खनन केले आणि वैनगंगेच्या काठी मोठ्या स्तूपांचे अवशेष, कोरीव स्तंभ आणि ब्राह्मी लेख उजेडात आले. स्तूप हा आकार विदर्भाला बाहेरून पाहुणा म्हणून आलेला नाही. त्याच्याही मागे जायचे असेल तर काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला जावे. तिथे महापाषाणकाळातली सुमारे तीनशे शिळावर्तुळे नोंदली गेली आहेत: मधोमध पुरलेल्या अवशेषांवर दगडमातीची भर आणि भोवती धोंड्यांचे गोल कडे. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खोदकाम केले होते. स्तूप या शब्दाचा अर्थच ढीग. जुनापाणीची वर्तुळे आणि सांचीचा स्तूप यांच्यात सरळ वंशावळ जोडणे घाईचे होईल. परंतु पूज्य माणसाच्या अवशेषांवर ढीग रचावा आणि त्याला गोल कुंपण घालावे ही कल्पना या मातीत किती जुनी आहे, हे तिथल्या उन्हात उभे राहिले की पायांना जाणवते.

सांची नागपुरात दुसऱ्यांदा आली ती दीक्षाभूमीवर, आणि या वेळी ती कोणाच्या मार्गे आली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्या जागेवरच्या स्तूपाचे वास्तुकार शिवदान मल. काम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. घुमटाचा व्यास १२० फूट आणि उंचीही १२० फूट. सांचीच्या महास्तूपाचा व्यासही साधारण १२० फूटच आहे, पण त्याची उंची याच्या निम्मीही नाही. रेखाटन करणाऱ्याला हा फरक लगेच हाताला कळतो: सांची काढताना पेन्सिल जमिनीलगत पसरते, दीक्षाभूमी काढताना ती उचलून धरावी लागते.

त्याहून मोठा फरक आतला आहे. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याच्या पोटात जाता येत नाही. भोवती प्रदक्षिणा घालायची आणि मनाने आत जायचे. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. चार दिशांना चार दारे, दारांपुढे सांचीच्या घडणीवर बेतलेली तोरणे, आणि आत मोठे दालन, जिथे बुद्धमूर्ती आहे आणि बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीशीच अडवले गेले, त्यांच्यासाठी बांधलेला स्तूप आत घेणारा आहे, ही गोष्ट मला वास्तुकलेच्या कोणत्याही वर्णनापेक्षा मोठी वाटते. शैलीच्या दृष्टीने कोणी म्हणेल की ही सांचीची आधुनिक प्रतिकृती आहे. मला ते मान्य नाही. आकार जुना घेतला आणि त्याचा उपयोग पार बदलला. पूर्वी जे भरीव होते ते माणसांसाठी मोकळे केले. बाहेरच्या धोलपुरी दगडाला सांची आठवते, पण आतल्या पोकळीला तसा पूर्वज नाही. गर्दीच्या दिवशी नव्हे, एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी आत जाऊन उभे राहावे आणि वर पाहावे. बोलणारी माणसे आपोआप हळू बोलू लागतात.

धरमपेठ-रामदासपेठेतल्या जुन्या बंगल्यांची गोष्ट निराळी आहे. शहराची आखणी करणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ चा. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत वसलेल्या आखीव वस्त्यांमध्ये आर्ट डेको या त्या काळातल्या आधुनिक शैलीच्या खुणा अजून भेटतात. गच्चीचे गोल वळवलेले कोपरे, सगळ्या खिडक्यांवरून एकाच ओघात जाणारा छज्जा, भिंतीवर समांतर काढलेल्या तीन रेघा, जिन्याच्या मनोऱ्याला उभी काचपट्टी आणि फाटकावर उगवत्या सूर्याची लोखंडी किरणे. या घरांना लाकूड किंवा दगड आठवत नाही. त्यांना आगबोट आणि मोटार आठवते. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसांनी आपल्या घराला बोटीचा कठडा लावला, यात नव्या काळाविषयीची त्यांची उत्सुकता दिसते आणि ती मला हृद्य वाटते. मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्याकडच्या या बंगल्यांची साधी छायाचित्रेही कोणी नीट काढून ठेवलेली फारशी दिसत नाहीत. रामदासपेठेत राहणाऱ्यांनी निदान आपल्या गल्लीचे फोटो काढून ठेवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुनर्विकासाची पाटी लागल्यावर आठवडाभरात फाटक भंगारात गेलेले असते.

मागच्या वर्षीपासून मी उत्तर नागपुरातले बुद्धविहार काढते आहे. इंदोरा, जरीपटका आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये गल्लीगणिक विहार आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या दारावर घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान आहे. ती अजिंठ्याची, एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी गवाक्षाची. ती लेणी वाकाटक राजांच्या काळात खोदली गेली, आणि वाकाटकांची एक शाखा आपल्या रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून राज्य करीत होती. तेव्हा इंदोऱ्याच्या गल्लीला ही कमान परकी नाही. परंतु अजिंठ्याच्याही आधी ती लाकडाची होती. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या खऱ्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. डोंगर कोरून केलेल्या छताला त्यांचा काडीचा आधार लागत नाही, तरी त्या लावल्या गेल्या. वाकवलेले लाकूड, मग कोरलेला कातळ, आणि आता वाळू-सिमेंटचा गिलावा. या विहारांना वास्तुकार नसतो. वस्तीतले लोक वर्गणी करतात, गवंडी फोटो पाहून कमान काढतो आणि रंगारी तिला निळा किंवा सोनेरी रंग देतो. जाणकार मंडळी त्यांच्याकडे पाहत नाहीत, आणि मला वाटते तिथेच त्यांची चूक होते, कारण जुना आकार चालता-बोलता असतो तो इथेच. महालात तो जपावा लागतो, इथे तो अजून घडतो आहे.

जानेवारीत अशाच एका विहारापुढे बसून मी काढत होते तेव्हा एक वयस्क गवंडीदादा समोरचा कठडा बांधत होते. मोबाईलवर सांचीचा फोटो उघडून विटेवर ठेवलेला. खांब आणि आडव्या पट्ट्या त्यांनी एकाच साच्यात ओतल्या होत्या, म्हणजे सांधा असा कुठेच नव्हता. तरी ओला गिलावा चढवून झाल्यावर करणीच्या टोकाने ते प्रत्येक पट्टी खांबाला भिडते तिथे लांबट गोल रेघ ओढत होते, भोकात सूची शिरावी तशी. मी विचारले, "दादा, ही रेघ कशासाठी?"

त्यांनी फोटोकडे बोट दाखवले. "इथून ते आत जाते ना, बाई. रेघ नाही मारली तं नुसतं चिकटवल्यावानी दिसते."

मग त्यांनी पुढच्या खांबाला गिलावा लावायला घेतला. ऊन कलेपर्यंत त्यांचे अकरा खांब झाले, माझे चार.